कोकरू उघडं ठेवा

माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. चाचा कानाकडे बघायचे. तेही डाव्या. मान जराशी वाकडी करून, डोळे बारीक करून बघायचे आणि मग विचारायचे, "कुणाचं हे?"

'कुणाचा' नाही, 'कुणाचं'. तालुक्याचे पशुवैद्य येवोत, सोसायटीचे चेअरमन येवोत, नाहीतर सांगलीहून एसटीने उकडून आलेला मी येवो, चाचांच्या लेखी सगळा मनुष्यप्राणी नपुंसकलिंगी एकवचनी होता. शिंपी आधी तुमचे खांदे बघतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. चाचांनी आयुष्यभर कोकरांच्या कानात नंबरचे बिल्ले ठोकले होते. त्यामुळे त्यांची नजर कानावरच जायची.

पहिल्या भेटीत माझा कान बघून ते सोसायटीच्या सचिवांना म्हणाले, "बिल्ला न्हाई ह्याला."

"सांगलीचे हायत ते. कॉम्प्युटरवाले," सचिव म्हणाले.

"ते ऱ्हाऊ द्या. आईचं नाव काय रं तुझ्या?"

मी आईचं नाव सांगितलं. हो, सॉफ्टवेअर बसवायला गेलो होतो आणि खाली मान घालून आईचं नाव सांगितलं. चाचांनी ते ऐकून मान डोलवली, जणू आता माझी नोंद रीतसर झाली.

त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे. ते फक्त बँकेत आणि रेशनकार्डावर चालायचं, बाकी सगळ्या जत भागात ते 'बिल्लेवाले चाचा'. इथं नाव लिहिलं असतं तर तेच म्हणाले असते, "नावं काय, चार जणांची एकच असत्यात. नंबर लिही."

ही सोसायटी मेंढ्या पाळणाऱ्यांची. माडग्याळी मेंढ्या, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके आणि नाक पोपटासारखं बाकदार. कुठल्या मेंढीला कुठलं कोकरू झालं, हे चाचा जाडजूड शिवलेल्या वह्यांत लिहायचे. नंबर मराठीत, रंग कानडीत, खुणा स्वतः काढलेल्या चित्रांत, आणि मधूनच लहानपणी मदरशात शिकलेलं उर्दू. अक्षर तीन भाषांचं होतं आणि वळण एकाही भाषेचं नव्हतं. त्या वह्या चाचांशिवाय कोणालाही वाचता येत नव्हत्या.

हीच अडचण होती. दिवाळीनंतर चाचांना घरी बसवायचं आणि त्यांच्या जागी शिकलेलं माणूस आणायचं, असं सोसायटीनं ठरवलं होतं. त्याआधी सगळ्या वह्या कॉम्प्युटरमध्ये जायला हव्या होत्या. हे निव्वळ कागदी काम नव्हतं. सोसायटीचे मेंढे दरवर्षी एका कळपातून दुसऱ्या कळपात जातात, आणि मेंढा त्याच्याच लेकी-बहिणींत सोडला तर कोकरं लुळी-पांगळी निपजतात. चाचा घरी गेले आणि वह्या वाचायच्या राहिल्या, तर कोण कुणाचं हे सांगणारं कुणी उरणार नव्हतं. चाचांना पेन्शनीची, शालीची, कशाची फिकीर नव्हती. ही एकच होती.

आमचं ऑफिस सांगलीत, कुकर दुरुस्तीच्या दुकानावर, तीन खुर्च्यांचं. आमच्या साहेबांनी पूर्वी एका हळदीच्या गोदामासाठी सॉफ्टवेअर केलं होतं. त्यालाच आम्ही लोकर लावली आणि जतला पाठवून दिलं.

त्यात डाव्या बाजूला झाडासारखी यादी होती. सगळ्यात वर कळप, त्यात आई, तिच्याखाली जरा आत सरकून तिची कोकरं, त्यांच्याखाली आणखी आत त्यांची. प्रत्येक आईच्या शेजारी चौकटीत अधिकचं बारीक चिन्ह. त्यावर दाबलं की खालची पिल्लावळ उघडते, परत दाबलं की मिटते. तुम्ही तुमच्या कॉम्प्युटरमधल्या फायली अशाच उघडझाप करून बघता. झाड आईवरून का, बापावरून का नाही, असं मी विचारलं होतं. चाचा म्हणाले, "आई दिसती. बाप सांगावा लागतोय." सचिवांना तेवढ्यात खोकला आला.

पहिल्याच महिन्यात चमत्कार झाला. सोसायटीच्या अहवालात आलं की आक्काच्या एका मेंढीला एकाच दिवशी सात कोकरं झाली. आक्का म्हणजे माडग्याळच्या बाजूची मेंढरं राखणारी बाई, कुणाच्या बापाला न भिणारी. माडग्याळी मेंढीला एक कोकरू होतं, फार झालं तर दोन. पण छापील कागदावर आलेलं खोटं कसं असेल? चेअरमननी मासिक सभेत आक्काला बोलावून नारळ दिला आणि जातिवंत पैदाशीवर भाषण केलं. आक्कानं नारळ घेतला आणि भर सभेत विचारलं, "माझ्याकडं एकच कोकरू हाय. बाकीची सा कुणाच्या बानं चोरली?"

दुसऱ्या दिवशी मला जतला जावं लागलं.

मी चाचांच्या मागं उभा राहून बघितलं. त्यांनी आक्काची मेंढी निवडली, 'जोडा' दाबलं, नव्या कोकराचा नंबर, रंग, खूण सगळं एका बोटानं टंकलं आणि 'जतन' दाबलं. पडदा लुकलुकला. मेंढी होती तशीच उभी. कोकराचा पत्ता नाही.

"गेलं," चाचा म्हणाले आणि तेच कोकरू परत लिहायला लागले.

"थांबा, थांबा! गेलं नाही चाचा. आत आहे. आईच्या पोटात. या अधिकच्या चिन्हावर दाबा, दिसेल."

चाचांनी खुर्ची वळवली. "पोटातनं भाईर आलं म्हणून तर लिहितोय. तू परत पोटात घालतोस व्हय?"

आता खरं सांगायचं तर चूक आमचीही होती. एकच नंबर दोनदा लिहिला तर अडवायचं, हे आम्हाला सुचलंच नव्हतं, कारण हळदीच्या पोत्यांना तशी गरज नव्हती. पण ते कबूल करायचं सोडून मी शहाणपण शिकवायला लागलो. म्हटलं, चाचा, सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये असंच असतं, नवीन काही जोडलं तरी फांदी आपोआप उघडत नाही, सगळं जग असंच वापरतं.

"जग मेंढरं राखतंय व्हय?"

"तसं नाही, पण..."

"मग ऐक. जुनं मिटलं तरी चालतंय, जुनं कुठं जातंय? नव्याला लांडगा नेतोय. नवीन कोकरू उघडं ठेवा." पुढे थेट दिवाळीपर्यंत हे वाक्य मी फोनवर, चिठ्ठीत आणि स्वप्नात ऐकलं.

मला ते निव्वळ हट्टी म्हातारे वाटले. सांगलीला येऊन अर्ध्या तासात मी तोडगा काढला. नवीन कोकरू जोडलं की सगळं झाडच उघडायचं, मुळापासून शेंड्यापर्यंत. सुधारलेलं सॉफ्टवेअर पाठवलं आणि चहाला गेलो. परत येतो तो फोन. चाचांनी एक कोकरू जोडल्यावर सोसायटीच्या सगळ्या मेंढ्या एकदम पडद्यावर उलगडल्या होत्या आणि कॉम्प्युटर पाय रोवून उभा राहिला होता.

"गड्या," चाचा म्हणाले, "कोकरू उघडं म्हणलं हुतं. सगळ्या तालुक्याची लुगडी सोडाय कुणी सांगितलं?"

मग मी फक्त त्या कोकराच्या आईची फांदी उघडायची सोय केली. त्यावर चाचांचा फोन आणखी लवकर आला. "आई उघडी हाय रं, पण आजीनं दार लावलंय. पोर दिसायचं कसं?" बरोबर होतं. आई स्वतःच आजीच्या मिटलेल्या फांदीत होती. आत दिवा लावून बाहेरून कुलूप घालावं, तसा माझा प्रकार झाला होता. वरच्या कुठल्या कुठल्या फांद्या उघडायच्या, ते झाडात वरून शोधत बसलं तर कॉम्प्युटर पुन्हा पाय रोवणार. दोन दिवस मी डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी परत एसटीत बसलो.

चाचांनी पडद्याकडे बघितलंही नाही. मला घेऊन ते आक्काच्या वाड्याकडे, म्हणजे जाळीच्या कुंपणाकडे गेले. कळप चरून परतला होता, आणि एक कोकरू आईपासून चुकून बोंबलत होतं. मी कळपात त्याची आई शोधायला लागलो. सगळ्या मेंढ्या माझ्याकडे सारख्याच तुच्छतेनं बघत होत्या.

"वरनं शोधाय लागलास की सगळी मेंढरं सारकीच," चाचा म्हणाले. "कोकराला धर. ते आईपाशी नेतंय. आईला धर, ती तिच्या आईपाशी नेती. खालनं वर जायाचं. वाटंतलं एकेक दार उघडत."

आक्का हसत होती. मी मात्र तिथंच लेंड्यांत बसून वही काढली. नव्या कोकरापासून निघायचं, त्याची आई विचारायची, ती उघडायची, तिची आई विचारायची, ती उघडायची, आई संपेपर्यंत. पाच ओळींचं काम होतं. इंजिनियरिंगला चार वर्षं घालवून मला ते सुचलं नव्हतं.

तरीही एक खोड राहिलीच. 'जतन' दाबलं की यादी नव्यानं भरायची आणि क्षणभर उघडलेली फांदी पुन्हा मिटायची. "तुझं मशीन डोळा मारतंय रं मला," चाचांनी कळवलं. "ह्या वयात बरं दिसतंय का?" तेही दुरुस्त केलं. जाता जाता आणखी एक सोय केली. सॉफ्टवेअर सुरू केलं की सगळ्यात शेवटी जोडलेलं जनावर आपोआप उघडून समोर येईल, म्हणजे काल काम कुठवर आलं ते शोधायला नको.

हे सगळं तपासायला खोटी जनावरं लागतात. आम्ही सगळे तशी लिहितो. चाचा तयार होईनात. "खोटं जनावर लिहीत न्हाई मी. लिहिलं की ते जलमतंय." शेवटी मी 'सराव' नावाची वेगळी प्रत करून दिली, म्हटलं इथं काहीही लिहा, खऱ्या वहीला धक्का लागणार नाही. चाचांनी विचार केला आणि खरीच जनावरं लिहिली, म्हणजे स्वतःचं खानदान.

सगळ्यात वर त्यांची आई: मादी, रंग गोरा, खूण हनुवटीवर तीळ. तिच्याखाली स्वतः: नर, रंग काळा, दात पाच शिल्लक. चाचीची नोंद अशी: मादी, रंग गव्हाळ, स्वभाव मारका. चाचीला हे कुणी वाचून दाखवलं नाही म्हणून संसार टिकला. अडलं ते लेकीपाशी. लेक मिरजेला दिलेली. कळपातून गेलेल्या जनावरासाठी आमच्याकडे तीनच शब्द होते: विकलं, मेलं, हरवलं. चाचा दुपारभर त्या तीन शब्दांपुढे बसून राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, "चौथा शब्द घाल. दुसऱ्या कळपात सुखी." मी घातला. तो आजही त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि सोसायटी तो दुसरीकडे दिलेल्या मेंढ्यांसाठी वापरते.

जतला गेलो की माझं जेवण चाचीकडे. घर सोसायटीच्या मागच्याच बाजूला. मी जैन, आणि चाचीला त्याचं माझ्यापेक्षा जास्त टेन्शन. तिनं माझ्यासाठी एक वेगळं पातेलं आणि तवा घेऊन ठेवला होता. चुकून दुसऱ्या कशाला वापरला जाऊ नये म्हणून चाचांनी पातेल्याच्या कानात तारेनं पिवळा बिल्ला बांधला होता. "कांदा चालतोय का रं तुला?" चाची दर वेळी विचारायची.

"चालतो. आईला सांगू नका."

"तुझी आई मला कवा भेटती? खा. नुसती हाडं ऱ्हायली हायत." आणि ज्वारीची तिसरी भाकरी ताटात पडायची.

श्रावणाच्या आसपास चाचांची सवय जरा बदलली. आता ते कान नुसता बघत नव्हते, धरत होते. मी आत आलो की डाव्या कानाची पाळी दोन बोटांत घ्यायचे, चोळायचे आणि म्हणायचे, "हां, जैनाचं." मला ती लाडाची थट्टा वाटायची. कामाचा वेग मात्र मंदावला होता. माऊस पडद्यावर वाट चुकल्यासारखा फिरायचा. दिवाळी जवळ येत होती आणि वह्यांचा ढीग अर्ध्यावरच होता. एकदा मी जेवताना चाचीपाशी कुरकुर केली, की चाचा मुद्दाम रेंगाळतायत, खुर्ची सोडवत नाही म्हणून.

चाचीनं भाकरी थापायची थांबवली. "कुणाला सांगू नगंस. साखरेनं डोळं खाल्लं त्यांचं. औंदा उन्हाळ्यापास्नं धड दिसत न्हाई."

मला पडदा आठवला. ते अधिकचं चिन्ह तांदळाच्या कणीएवढं. चाचांना ते कधी दिसलंच नव्हतं. त्यांना दिसत होतं ते इतकंच, की आपण कोकरू लिहितो आणि ते नाहीसं होतं. आणि मी त्यांना जगात कसं चालतं ते सांगत होतो. मला स्वतःची इतकी लाज वाटली की ती तिसरी भाकरी मी न मागता चौथीसकट खाल्ली, कारण चाचीच्या तोंडाकडे बघायचं धैर्य नव्हतं.

हे सचिवांना कळतं तर चाचा त्याच दिवशी घरी, आणि वह्या कायमच्या मुक्या. मी कोणाला बोललो नाही. पडद्यावरची अक्षरं बोटाएवढी मोठी केली. साहेबांना सांगितलं की सॉफ्टवेअरमध्ये गंभीर दोष आहे, रोज जतला राहून बघायला लागेल. साहेबांना दोष असल्याचं पटवायला फार कष्ट पडले नाहीत.

मग आमचा कारखाना सुरू झाला. चाचा वही डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरायचे, वर भिंग. बॉलपेन असं दाबून लिहायची सवय, की कागदाच्या मागं उठाव यायचा, मग भिंगानं भागलं नाही की पान उलटून बोटांनी चाचपायचे. त्यांनी सांगायचं, मी टंकायचं. प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न.

"उघडलं?"

"उघडलं, चाचा."

"म्होरं."

शेवटची वही मेंढे बदलायच्या दिवशीच निघाली. बाहेर टेम्पो लागला होता, त्यात आक्काच्या कळपासाठी निवडलेला देखणा मेंढा चढवलेला, आणि आक्का त्याच्या नाकाचं कौतुक करत उभी. आत आमच्या हाताला दोन चिकटलेली पानं लागली. कधीतरी त्यावर चहा सांडला असणार. "ह्यात काय हाय मला आठवत न्हाई," चाचा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला घाबरल्यासारखा वाटला. चाचीनं चुलीवरच्या आधणाच्या वाफेवर ती पानं धरली. हळूहळू सुटली. चाचांनी मागून बोटं फिरवली. एकदा. परत एकदा. मग भिंग टाकून ते उठले आणि भिंतीला धरत थेट टेम्पोपाशी गेले.

मेंढ्याचा डावा कान त्यांनी दोन बोटांत घेतला. बिल्ल्यावरचे उठावाचे आकडे चाचपले. "ह्याला उतरवा."

"का?" सचिव वैतागले.

"घरचाच हाय. आक्काच्या म्हातारीचा नातू. कोकरू हुता तवा बाजारात इकला, फिरून हिकडं आला."

"चाचा, तुम्हांला आता काय आठवतंय? कशावरनं म्हणता?"

मी आतून ओरडलो, "या, बघा!" सगळे कॉम्प्युटरभोवती जमले. मी त्या पानावरचा मेंढा जोडला आणि 'जतन' दाबलं. पडदा लुकलुकला. मग कोणी हात न लावता वरचं एक दार उघडलं, आक्काचा कळप. त्यात म्हातारी मेंढी उघडली. तिच्यात तिची लेक उघडली. आणि तिच्याखाली, पिवळ्या पट्ट्यात, बोटाएवढ्या अक्षरात, टेम्पोत उभ्या असलेल्या मेंढ्याचा नंबर.

"बया!" आक्का म्हणाली. "ह्यो तर भाचाच घातला असता मावश्यांच्या गळ्यात."

मेंढा उतरवला. दुसरा चढवला. मला वाटलं, चाचा आता काहीतरी बोलतील. ते पडद्याकडे तोंड करून उभे होते, जिथं पडदा होता त्याच्या जरा डावीकडे. "उघडलं?" त्यांनी विचारलं.

"उघडलं, चाचा," सचिवच म्हणाले. त्यांना त्या क्षणी डोळ्यांचंही कळलं. माणूस वाईट नव्हता, दिवाळीपर्यंत तोही गप्प राहिला.

निरोपाला शाल आणि नारळ. चेअरमननी भाषणात 'चाचा आज आपल्यातून जात आहेत' म्हटल्यावर चाचा खालूनच ओरडले, "मेलो न्हाई, हरवलो न्हाई. चौथा शब्द लिवा!" ते आणि चाची मिरजेला लेकीकडे राहायला गेले.

मी अधूनमधून मिरजेला जायचो. शेवटचा गेलो तेव्हा डोळे पूर्ण गेलेले. मी मुद्दाम काही न बोलता शेजारी जाऊन बसलो. त्यांचा हात हवेत चाचपडत आला, डाव्या कानावर थांबला. "जैनाचं," ते म्हणाले. "जेवलास का रं?"

पुढच्या सुगीला ते गेले. चाचीनं सोसायटीतून माझा नंबर मिळवून मला दोन दिवसांनी कळवलं. लगेच सांगितलं असतंत तर आलो असतो, असं मी म्हणालो तेव्हा ती म्हणाली, "तुझा नंबर त्यांच्या डोक्यात हुता. माझ्याकडं कुठला?" मला राग आला, मग रडू आलं, मग मी कुकर दुरुस्तीच्या दुकानात जाऊन उगाच उभा राहिलो.

महिन्याभरानं सोसायटीच्या सचिवांचा फोन आला. कॉम्प्युटरवर त्यांनी चुकून भलत्याच चित्रावर दाबलं होतं.

"सायेब, एक बोगस जनावर निघालंय. सुरू केलं की त्येच फुडं येतंय, सगळी दारं उघडून."

"वाचा बरं."

"नर. रंग गव्हाळ. खूण, चष्मा." ते थांबले. "मेंढराला चष्मा असतोय व्हय?"

ते 'सराव' होतं, चाचांच्या खानदानाची प्रत.

"आई, चाची लिवलंय. शेरा, पोसलेलं." आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीनं दूध पाजून वाढवलं, की सोसायटीत त्याला पोसलेलं म्हणतात. माझी आई सांगलीत ठणठणीत आहे, पण ही तक्रार आता करायची कुणाकडं? "आन् फुडं लिवलंय, स्वभाव तोंडाळ. बिल्ला न्हाई. डाव्या कानाची पाळी गालाला चिकटल्याली, उजवी सुटी."

मी फोन खांद्याला लावला आणि डावा कान चाचपला. मग उजवा. खरंच होतं. इतकी वर्षं मी हे कान घेऊन फिरतो, मला कधी कळलं नव्हतं.

"कुणाचं हे? पुसून टाकू का?"

"नको," मी म्हणालो. "उघडं ठेवा."